दुखऱ्या हाताचा भाव

बॉस्टनजवळच्या एका भारतीय किराणा दुकानाबाहेर विटांची बुटकी भिंत आहे, तोच आमचा कट्टा. शनिवारी तिथे पुन्हा बेसबॉलपटू क्रिस सेलचा विषय निघाला. सेलची सल अजून गेलेली नाही (श्लेष अण्णांचा), हे पहिल्या पाच मिनिटांतच कळले.

30 डिसेंबर 2023 रोजी बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाने हा डावखुरा पिचर (फलंदाजाला चेंडू टाकणारा) अटलांटा ब्रेव्ह्ज संघाला दिला, बदल्यात वॉन ग्रिसम हा बावीस वर्षांचा खेळाडू घेतला आणि सेलच्या पगारापोटी वर 1 कोटी 70 लाख डॉलरही मोजले. "गाय विकायची आणि वर्षभराचा चाराही आपणच पुरवायचा, असा सौदा कुणी करतं का?" अण्णा कडाडले. 2018 च्या वर्ल्ड सिरीजमधला, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेतला, शेवटचा फलंदाज सेलनेच बाद केला होता, हे ते विसरलेले नाहीत.

विमा कंपनीत जोखमीचे गणित मांडणाऱ्या आमच्या मित्राने मात्र बोटांवर हिशेब केला. 2020 ते 2023 या चार हंगामांत सेलने फक्त 31 सामन्यांत पहिला पिचर म्हणून सुरुवात केली होती. धडधाकट पिचर एवढे सामने एकाच हंगामात खेळतो. "अण्णा, चौतीस वर्षांच्या अशा हाताला तुम्ही काय भाव दिला असता?"

यावर फिजिओथेरपिस्ट असलेल्या ताईंनी जो मुद्दा मांडला, तो मला सर्वांत मोलाचा वाटला. सगळ्या दुखापती एकाच खात्यावर मांडणे चूक आहे, असे त्या म्हणाल्या. 2020 मधली कोपराची शस्त्रक्रिया आणि 2023 मधले खांद्याच्या फऱ्याचे दुखणे ही चेंडू फेकण्याची झीज होती. परंतु 2022 मध्ये टोलवलेला चेंडू लागून करंगळी मोडली आणि पुढच्याच महिन्यात सायकलवरून पडून मनगट मोडले, हे निव्वळ दुर्दैव होते. शिवाय 2023 मध्ये जेमतेम 103 डावांत (बेसबॉलच्या एका सामन्यात प्रत्येक संघाचे असे नऊ छोटे डाव असतात) त्याने 125 फलंदाजांना स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले होते, म्हणजे हातातली धार शाबूत होती.

माझ्या मते भाव गिऱ्हाइकावरही ठरतो. 2023 मध्ये 104 सामने जिंकूनही ब्रेव्ह्ज ऑक्टोबरातल्या बाद फेरीत फिलाडेल्फिया फिलीजकडून हरले होते आणि त्यांच्या संघात ग्रिसमला जागाच नव्हती. 78 विजयांसह गटात तळाला राहिलेल्या रेड सॉक्सला मात्र तरुण सेकंड बेसमन (दुसऱ्या बेसजवळचा क्षेत्ररक्षक) हवा होता.

पुढे झाले ते सर्वश्रुत आहे. 2024 मध्ये सेलने 18 विजय आणि 225 स्ट्राइकआउट मिळवून सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार पटकावला. तरुण आणि निरोगी म्हणून आणलेला ग्रिसमच सरावात जांघ दुखावून बसला आणि त्या वर्षी फक्त 31 सामने खेळला.

"घर जळले नाही, म्हणून जोखीम नव्हतीच असे ठरत नाही," विमावाला शांतपणे म्हणाला. त्याने 30 सप्टेंबर 2024 ची आठवण करून दिली: न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध एकाच दिवशी दोन निर्णायक सामने होते आणि पाठ आखडल्यामुळे सेल मैदानात उतरलाच नाही. ब्रेव्ह्ज कसेबसे बाद फेरीत गेले आणि सॅन डिएगोत सलग दोन सामने हरून घरी परतले.

"पण आधीच्या 29 सामन्यांत तो नसता, तर ते तिथवर पोहोचले असते का रे?" ताईंनी विचारले.

विमावाल्याने पिशवीतला तुपाचा डबा नीट बसवला. अण्णा अजूनही 1 कोटी 70 लाखांवरच अडले होते.