पन्नाशीतली कपॅसिटी: जपणूक आणि देखभाल

एकेकाळी तुम्ही चार लार्ज रिचवून नाकासमोर सरळ चालत घरी जायचात, हे सगळ्यांना माहीत आहे. तुम्हीच ते सांगितलेलं आहे, दर बैठकीत, साधारण दुसऱ्या पेगच्या सुमाराला. हल्ली ते सांगता सांगताच जीभ जड होते आणि ऐकणारे घड्याळाकडे बघू लागतात. घाबरू नका. याचा तुमच्या वयाशी काडीचाही संबंध नाही. वय झालंय ते बरोबर बसणाऱ्यांचं.

सर्वप्रथम आरोपी शोधा. ‘माल पूर्वीसारखा राहिला नाही’ हे वाक्य कायम तयार ठेवा. त्याला पुरावा लागत नाही आणि समवयस्क मंडळी लगेच माना डोलावतात. (त्यांनाही दुसरा पेग झेपेनासा झालेला असतो, पण बोलायची चोरी.) तेवढ्याने भागलं नाही तर सोड्याकडे वळा. मग बर्फ. मग दुपारी नीट जेवलो नव्हतो, दोन प्रकार मिक्स झाले, खोली कोंदट होती, भरणाऱ्याचा हात सैल होता. यातलं शेवटचं कधीकधी खरंही असतं. मापाने ओतलेल्या 30 मिली व्हिस्कीत साधारण 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. मित्राने प्रेमाने ओतलेल्या ‘छोट्या’त किती असतं, ते त्यालाच ठाऊक. पण संशयितांची रांग कितीही लांबली तरी ती जन्मतारखेपर्यंत पोहोचू देऊ नका.

कारण खरी भानगड तिथेच आहे. अल्कोहोल पाण्यात पसरतं, चरबीत फारसं शिरत नाही. तरुण पुरुषाच्या वजनात सुमारे 60 टक्के पाणी असतं. वय वाढतं तसे स्नायू घटतात, चरबी वाढते आणि हा आकडा हळूहळू 50 कडे उतरू लागतो. काटा तेच 70 किलो दाखवतो आणि तुम्ही ‘कॉलेजात होतो तेवढाच आहे’ म्हणून पोट आत घेता. आत मात्र 42 लिटर पाण्याचं 35 कडे चाललेलं असतं. दारू तेवढीच, पण पाणी तिथवर उतरलं की रक्तातलं तिचं प्रमाण पाचव्या हिश्शाने जास्त. आता याकडे तक्रार म्हणून का बघायचं? तीन पेगच्या पैशांत साडेतीन पेगची नशा! निसर्ग ज्येष्ठांना इतकी सरळ सवलत दुसरी कुठे देतो? स्त्रियांना ती तरुणपणापासूनच लागू आहे, कारण त्यांच्या शरीरात पाण्याचा वाटा मुळातच कमी. तिथे मात्र आपण तिला सवलत न म्हणता ‘बायकांना झेपत नाही’ म्हणत आलो.

एरिक विडमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1930 च्या दशकातच रक्तातल्या अल्कोहोलचं गणित मांडून ठेवलं आहे. किती ग्रॅम घेतली, वजन किती, शरीरात ती पसरायला जागा किती, तास किती झाले. होस्टेलवर कोणाला किती पाजून आडवं केलं होतं, यासाठी त्या सूत्रात रकानाच नाही. हे गणित तुम्हाला लागू नाही असं खुशाल समजा.

यकृतावर रागावू नका, ते आपल्या परीने नोकरी करतंय. तासाला साधारण एक छोटा पेग, हा त्याचा वेग. घाई केली म्हणून वाढत नाही, कडक कॉफीने वाढत नाही, डोक्यावर गार पाणी ओतल्याने तर नाहीच. त्याने फक्त ओला दारुडा तयार होतो. रात्री नऊला बसून बारापर्यंत चार लार्ज, म्हणजे आठ छोटे, संपवले, तर सकाळी सहाला हिशेब चुकता झालेला असेलच असं नाही. तरी तुम्ही आंघोळ करून, कपाळाला गंध लावून गाडीची किल्ली घ्या. झोप झाली म्हणजे उतरली, हा नियम तुमच्यासाठी वेगळा काढलेला आहे.

झोपेचं म्हणाल, तर तीही मोजकीच येते. डोकं टेकताच घोरायला लागता, ते सगळ्यांना ऐकू जातं. पुढचा भाग एकट्याचा असतो. पहाटे तीन-साडेतीनला टक्क जाग येते. छाती धडधडत असते, जीभ टाळूला चिकटलेली असते आणि त्याच वेळी लघवीला जायची घाई असते; कारण लघवी आटोक्यात ठेवणारं संप्रेरक दारूने दाबून टाकलेलं असतं, आणि प्रोस्टेट वयानुसार स्वतःची भर घालत असते. अंधारात पायाने चप्पल चाचपडायची, भिंतीला हात लावत जायचं. दारूने तोल आधीच गेलेला, वयाने हाडं ठिसूळ झालेली, त्यामुळे बाथरूमच्या ओल्या फरशीवर कपॅसिटीची खरी परीक्षा होते. दिवा मात्र लावू नका. घरातले जागे होतील.

कोणी म्हणेल, अहो, पण आमच्या अमक्याला अजूनही चढत नाही. त्याचा सत्कार करा. चढत नाही याचा अर्थ मेंदूने सवय करून घेतली, आणि सवयीमुळे माणूस जास्त ओततो. यकृताला, जठराला, रक्तदाबाला मात्र बाटली पुरेपूर पोहोचते. ते काही ‘याला चढत नाही’ म्हणून अर्धीच मोजत नाहीत. आणि काही वर्षांनी याच अमक्याला एका पेगमध्ये तर्र झालेलं पाहिलंत, तर काटकसरी झाला म्हणून कौतुक करू नका. खूप बिघडलेल्या यकृताचंही असं होतं.

आता गोळ्या. पन्नाशीनंतर उशाशी वारांची नावं असलेला प्लास्टिकचा डबा येतो. बसायच्या दिवशी शनिवारचा कप्पा कसा हाताळायचा, यावर बैठकीत दोन पंथ आहेत: एक गोळी गाळतो, दुसरा पेगबरोबरच गिळतो. दोघांनाही डॉक्टरांना विचारायची लाज वाटते, हे एकमत. रक्तदाबाच्या गोळीवर दारू पडली की उठून उभं राहताना घेरी येऊ शकते. झोपेच्या गोळीवर पडली तर श्वास मंदावू शकतो. मधुमेहाचं सगळ्यात वाईट. दारू मोडण्यात गुंतलेलं यकृत साखर सोडायचं काम मागे टाकतं, वर इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेतलेली असते. साखर धाडकन उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणं बरळल्यासारखं होतं. भोवतालचे हसतात, ‘याला आज लवकर लागली’ म्हणतात आणि पांघरूण घालून झोपवतात. इथे विनोद करायचा मला सुचत नाही, म्हणून पुढे जातो.

‘थोडी हृदयाला चांगली असते’ हा फॉरवर्ड तुम्ही जपून ठेवलाच असेल. ठेवा. त्यामागच्या अनेक जुन्या अभ्यासांत, आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही ‘न पिणारे’ म्हणून मोजले गेले होते. साहजिकच पिणारे त्यांच्यापेक्षा टवटवीत दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये दारूचं कोणतंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही असं सांगितलं, आणि तिच्याच कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्येच दारूला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात बसवलं होतं. पण ही मंडळी तुमच्याबरोबर कधी बसलेली नाहीत. त्यांना काय कळणार?

राहता राहिली वार्षिक तपासणी. फॉर्मवर ‘मद्यपान’ समोर ‘क्वचित’ लिहा आणि आठवड्याला तीन बैठका क्वचित या सदरात बसवा. रक्त द्यायच्या आधी चार दिवस बंद ठेवायची जुनी युक्ती सगळे करतात, तुम्हीही करा. फक्त यकृताच्या तपासणीतला जीजीटी नावाचा एक आकडा त्यात मोडता घालतो: दारूने वाढला की खाली यायला तो काही आठवडे घेतो, तुमचे चार दिवस त्याच्या खिजगणतीत नसतात. अहवालात तो ठळक अक्षरांत आला, तर डॉक्टर चष्म्यावरून बघत किती घेता असं विचारतील. खरा आकडा मनात आणा, त्याला दोनने भागा आणि सांगा. डॉक्टर तो दोनने गुणून लिहून घेतील.