नव्या रीफ टाकीत शेवाळ आलं म्हणून सायकल फसत नाही

खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, म्हणजे प्रवाळ ठेवायची टाकी, नव्याने लावणाऱ्याच्या हाती हल्ली एक तयार सल्ला पडतो. तो इतक्या जणांनी पुढे पाठवलाय की मूळ कुणाचा हे विचारण्यात अर्थ उरलेला नाही. मथितार्थ असा: टाकी सायकल होत असताना, म्हणजे अमोनिया पचवणारे सूक्ष्मजीव तिच्यात जम बसवत असताना, दगडावर किंवा वाळूवर शेवाळ दिसलं की पाणी घाण आहे आणि सायकल बिघडली असं समजायचं. मग निम्मं पाणी बदलायचं, नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायचे, दिवे फक्त निळे ठेवायचे, पहिल्याच आठवड्यात गोगलगाई आणि खेकड्यांची फौज सोडायची आणि तरी भागलं नाही तर शेवाळनाशक ओतायचं. शेवाळ गेलं की टाकी तयार, मासे आणा.

यात खऱ्याचे तुकडे आहेत, म्हणूनच तो टिकून आहे. पण सगळा जसाच्या तसा पाळला तर साध्या तपकिरी थराच्या जागी महिनोन् महिने छळणारं काहीतरी येऊन बसण्याची शक्यता जास्त. एकेक मुद्दा घेऊ.

शेवाळ म्हणजे सायकल बिघडली, हा पहिला. सायकलमध्ये अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे सूक्ष्मजीव दगडाच्या छिद्रांत, वाळूच्या कणांवर, पाइपांच्या आतल्या बाजूला बस्तान बसवत असतात. त्यात नुसते जिवाणूच नसतात. अमोनियावर जगणारा नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस हा आर्किया (जिवाणूंहून वेगळे एकपेशीय जीव) गटातला जीव २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून जगापुढे आला, आणि तो वेगळा काढला होता सिॲटल ॲक्वेरियममधल्या एका उष्णकटिबंधीय खाऱ्या टाकीतून. या मंडळींना प्रकाश लागत नाही, आणि शेजारी तपकिरी थर चढला म्हणून त्यांचं काम अडत नाही. शेवाळाची गरज वेगळी: मोकळी जागा, उजेड आणि थोडं खत. नव्या टाकीत तिन्ही आयतं मिळतं. नांगरून मोकळ्या सोडलेल्या रानात आधी तणच उगवतं, तसंच कोरड्या दगडाचं. साधारणपणे आधी डायटम (तपकिरी थर करणारं सूक्ष्म शेवाळ), मग सायनोबॅक्टेरिया या प्रकाशावर जगणाऱ्या जिवाणूंचे लालसर पापुद्रे, मग केसांसारखं हिरवं शेवाळ, म्हणजे हिरवे केस, आणि बऱ्याच उशिरा कोरलाइन हे दगडावर चढणारं जांभळट-गुलाबी कठीण शेवाळ, असा क्रम दिसतो. प्रत्येक टाकी तो पाळतेच असं नाही.

जागा आणि चरणारे यांचा हिशोब खऱ्या समुद्रातही असाच चालतो. १९८३ च्या जानेवारीत पनामाजवळ डायडेमा जातीचे लांब काट्यांचे सी अर्चिन मरू लागले आणि वर्षभरात ती साथ जवळजवळ सगळ्या कॅरिबियनभर पसरली. ९० टक्क्यांहून अधिक डायडेमा संपले. जमैकात शेवाळ खाणारे मासे अतिमासेमारीने आधीच विरळ झाले होते आणि १९८० च्या ॲलन चक्रीवादळाने प्रवाळ मोडले होते. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिथल्या तळाचा निम्म्याहून अधिक भाग प्रवाळांनी झाकलेला होता, तो नव्वदच्या सुरुवातीला पाच टक्क्यांच्याही खाली आला. शेवाळ मात्र ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेलं. पाण्यातल्या पोषकद्रव्यांचा त्यात वाटा किती, यावर अभ्यासकांचं भांडण झालं. चरणारे नसले की काय होतं, यावर फारसं झालं नाही. सायकल होत असलेल्या टाकीत चरणारं कुणीच नसतं. शेवाळ येणारच.

या मुद्द्यात एक खरी मेख आहे, जी सल्ला देणारे सांगत नाहीत. शेवाळ अमोनियम थेट शोषून घेतं. स्मिथसोनियनमध्ये वॉल्टर एडी यांनी रीफ टाक्यांचं पाणी जाळीवर मुद्दाम वाढवलेल्या शेवाळानेच साफ ठेवून दाखवलं, त्यातूनच आजचे स्क्रबर आले. म्हणजे हिरव्यागार टाकीत अमोनियाची चाचणी शून्य आली तर ते काम जिवाणूंनी केलं की शेवाळाने, हे नुसत्या त्या आकड्यावरून कळत नाही. शेवाळामुळे सायकल फसत नाही, पण सायकल पूर्ण झाली असा भास मात्र होऊ शकतो. याकडे शेवटी येऊ.

आता पाणी. निम्मं पाणी बदलल्याने जिवाणू वाहून जात नाहीत, ते पृष्ठभागांना चिकटलेले असतात. त्यामुळे ‘सायकलमध्ये पाण्याला हातच लावू नका’ हा उलट्या बाजूचा समजही तितकाच पोकळ. खरा प्रश्न नवं पाणी कुठलं हा आहे. डायटमचं कवच सिलिकाचं असतं. नळाच्या पाण्यात सिलिकेट असतं, बऱ्याचदा फॉस्फेटही. तेच पाणी मीठ कालवून दर दोन दिवसांनी ओतलं तर डायटमना रसद पोचवल्यासारखंच आहे. आरओडीआय (आरओ आणि त्यापुढे क्षार शोषणारं डीआय रेझिन यांतून काढलेलं शुद्ध पाणी) वापरत असाल तरी एक खाच लक्षात ठेवा. सिलिका पाण्यात जवळजवळ विद्युतभाररहित असते, म्हणून डीआय रेझिन संपत आलं की ती आधी निसटते आणि विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर तिचा पत्ताही लागत नाही. मीटर शून्य दाखवतोय आणि काच पुन्हा पुन्हा तपकिरी होतेय, तर रेझिन बदलून बघा. नव्या वाळूतूनही थोडं सिलिकेट सुटतं. तो साठा संपला की डायटम आपोआप ओसरतात, बहुतेक टाक्यांत काही आठवड्यांतच.

पाणी बदलायची वेळ दोनदा येते. अमोनिया ५ पीपीएमच्या (दहा लाखांत ५ भाग) वर गेला तर, कारण इतक्यात जिवाणूच रेंगाळतात. आणि सायकल संपल्यावर साठलेलं नायट्रेट उतरवायला. मध्येच नायट्रेटची चाचणी करून घाबरू नका. बहुतेक किट नायट्रेटचं आधी नायट्राइट करून मोजतात, त्यामुळे पाण्यात नायट्राइट असेल तोवर नायट्रेटचा आकडा फुगलेला दिसतो.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा मुद्दा म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर आणा. ऐकायला तो शास्त्रशुद्ध वाटतो. पण चाचणीत दिसतं ते पाण्यात उरलेलं. दगडावर बोटभर हिरवे केस आणि फॉस्फेट शून्य, अशा टाकीत फॉस्फेट शेवाळात जाऊन बसलेलं असतं. कोरड्या दगडात बांधलेलं फॉस्फेट तर हळूहळू झिरपतच राहतं, तिथे फॉस्फेट शोषणारे फेरिक ऑक्साइडचे दाणे मोजूनमापून वापरण्यात काही गैर नाही. गैर आहे ते शून्याचा हट्ट धरणं. काही जण त्याला रेडफिल्डच्या गुणोत्तराचं टेकण देतात: नायट्रोजन आणि फॉस्फरस १६ ला १, म्हणून नायट्रेट-फॉस्फेट वजनाने साधारण १० ला १ ठेवा, शेवाळ येणार नाही. आल्फ्रेड रेडफिल्ड यांच्या नावाने ओळखलं जाणारं हे गुणोत्तर खुल्या समुद्रातल्या प्लवकांचं आहे. तळाला चिकटून वाढणाऱ्या सागरी वनस्पतींसाठी ॲटकिन्सन आणि स्मिथ यांनी १९८३ मध्ये काढलेलं गुणोत्तर ३० ला १ च्या आसपास आहे. आणि दोन्ही गुणोत्तरं शेवाळाच्या शरीरात काय असतं ते सांगतात. पाण्यात काय ठेवलं की शेवाळ येणार नाही, हे त्यांतलं एकही सांगत नाही.

शून्यावर आणलेल्या टाकीत पुढे काय घडतं ते बघण्यासारखं आहे. जिवाणू आणि साधं शेवाळ उपाशी पडतं, दगड मोकळे होतात, आणि त्या जागेवर डायनोफ्लॅजेलेट, थोडक्यात डायनो, हे एकपेशीय जीव येतात. सुरुवातीला ते डायटमसारखेच तपकिरी दिसतात, इथेच बहुतेक जण फसतात. डायटमचा थर भुकटीसारखा असतो, बोट फिरवलं की उडतो. डायनो शेंबडासारखे चिकट, लांब तारा सुटलेले, टोकाला हवेचे बुडबुडे अडकलेले. संध्याकाळी गच्च, सकाळी वाळू बरीच स्वच्छ. खात्री करायची सोपी रीत आहे. थोडा थर नळीने ओढून झाकणाच्या बाटलीत घ्या आणि तारा पूर्ण तुटेपर्यंत जोरात हलवा. ते पाणी कॉफीच्या कागदी गाळणीतून दुसऱ्या बाटलीत गाळा आणि दिव्याखाली ठेवून द्या. तासाभराने गाळलेल्या पाण्यात पुन्हा तपकिरी धागे जुळून आलेले दिसले, तर डायनो. साधा सूक्ष्मदर्शक असेल तर जातही ओळखता येते, आणि ती ओळखलेली बरी. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात उतरतो, त्यामुळे त्यावर पाणी निर्जंतुक करणारा यूव्ही दिवा चालतो. अँफिडिनियम वाळू सोडत नाही, तिथे यूव्हीचा उपयोग नाही. अनुभवी लोक मग चक्क सिलिकेट घालून डायटम परत आणतात, त्यांनी जागा व्यापावी म्हणून. ज्यांना घालवण्यासाठी एवढा आटापिटा केला, त्यांनाच आमंत्रण! ऑस्ट्रिऑप्सिस विषारीही असतो, तो खाऊन गोगलगाई मरतात. म्हणून सायकल संपताना मोजता येईल इतकं खत पाण्यात राहू द्या: नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०५ च्या आसपास. टाकीला त्याने काहीही होत नाही.

निळ्या दिव्याचं थोडक्यात. क्लोरोफिल लाल प्रकाश शोषतं तसाच निळाही शोषतं, त्यामुळे निळ्यात शेवाळ वाढत नाही ही समजूत चुकीची. प्रवाळाच्या पेशींत राहणारं शैवाल त्याच निळ्या प्रकाशावर जगतं. सायकलपुरते दिवे बंद ठेवा हा सल्ला मात्र रास्त आहे. टाकीत फक्त कोरडा दगड आणि वाळू असेल तर उजेडाची गरज कुणालाच नाही. अमोनियावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांना तर अंधारच मानवतो. त्यातून शेवाळ कायमचं टळत नाही, पुढे ढकललं जातं, आणि पुढे ढकललेलं बरंच, कारण तोवर चरणारे आलेले असतात. लाइव्ह रॉक, म्हणजे जिवंत वस्तीसकट आणलेला दगड, असेल तर कोरलाइनसाठी रोज थोडे तास मंद दिवा पुरतो.

गोगलगाईंची फौज पहिल्या आठवड्यात सोडणं मला क्रूर वाटतं. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो, आणि पीएच चढला की एकूण अमोनियातला विषारी भाग झपाट्याने वाढतो. चाचणीत १ पीपीएम दिसतो त्या पाण्यात अपृष्ठवंशी जीव सोडायचे नसतात, त्यांना तिथे खायला असलं तरी. नायट्राइटच्या बाबतीत सागरी मासे बरेच निभावतात, कारण पाण्यातलं भरपूर क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही. पण तो दिलासा गोगलगाईंना लावू नये. शिवाय या फौजेतले प्राणीही नीट निवडलेले नसतात. नॅसारियस गोगलगाय शेवाळ खातच नाही, ती मेलेलं मांस आणि उरलेलं खाद्य शोधते. मार्गारिटा थंड पाण्यातली आहे, २५ अंशांत ती फार काळ टिकत नाही. ॲस्ट्रिया उताणी पडली की तिला सरळ होता येत नाही, रोज बघून उचलावी लागते. ट्रोकस त्या मानाने उत्तम: काच, दगड दोन्ही साफ करते आणि पडली तर स्वतः उलटते. सायकल संपल्यावर दोन-चार सोडा, खायला उरतंय असं दिसलं तर वाढवा. एकदम तीस-चाळीस सोडल्या की डायटम संपताच त्या उपाशी मरतात, आणि त्यांच्या कुजण्याने अमोनिया पुन्हा चढतो.

तोवर चरण्याचं काम हातांनी करायचं. हिरवे केस लांब व्हायच्या आत दगडाच्या मुळाशी चिमटीत धरून उपटायचे, दुसऱ्या हातात सायफनची नळी तिथेच धरायची, म्हणजे तुटलेले तुकडे टाकीभर पसरत नाहीत. दगड बाहेर काढता येत असेल तर बादलीतल्या खाऱ्या पाण्यात टूथब्रशने घासा. गोड्या पाण्याखाली धुऊ नका, त्याने दगडावरची वस्ती मरते.

शेवाळनाशकाबद्दल एवढंच, की त्यातली बरीच तांब्यावर चालतात. तांबं अपृष्ठवंशी जीवांना मारतं, दगड आणि वाळूत मुरतं आणि पुढे कितीतरी काळ थोडं थोडं परत सुटत राहतं. ज्या टाकीत प्रवाळ ठेवायचे आहेत तिथे अशी बाटली उघडू नका. सायनोवरची औषधं वेगळी असतात, पण मेलेला थर कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाली आणतो. सायकल चालू असताना तो थर नळीने ओढून टाकणं सोपं.

राहिला शेवटचा दावा: शेवाळ गेलं की टाकी तयार. शेवाळाचं येणं-जाणं आणि जिवाणूंची तयारी यांचा असा थेट संबंध नाही. डायटम सिलिकेट संपल्याने जातात, अमोनिया तसाच असू शकतो. उलट काच हिरवी असतानाही सायकल पूर्ण झालेली असू शकते. तपासायचं असेल तर आधी सैल शेवाळ काढून टाका. मग संध्याकाळी दिवे बंद करून अमोनियम क्लोराइड घालून अमोनिया २ पीपीएमवर न्या आणि पुढचे २४ तास दिवे लावू नका, म्हणजे शेवाळाचा वाटा कमीत कमी राहील. दुसऱ्या संध्याकाळी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर जिवाणू कामाला लागलेत. मग मोठं पाणी बदला, खारटपणा ३५ (दर हजारी) आणि तापमान २५-२६ अंश जुन्या पाण्याशी जुळवून, आणि एखादा मासा आणा. नायट्राइट अजून दिसत असेल तर आणखी आठवडाभर थांबा आणि तीच चाचणी पुन्हा करा.