इंजिन मागे नेले म्हणजे मिड-इंजिन स्पोर्ट्‌सकार झाली का?

घरी मोटार बांधू पाहणाऱ्यांमध्ये एक दावा वर्षानुवर्षे उत्साहाने पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : एखाद्या छोट्या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह, म्हणजे पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या, गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचे सस्पेन्शन जसेच्या तसे उतरवावे, दोन आसनांच्या मागे बसवावे आणि भोवती चौकोनी पाइपांची चेसिस वेल्ड करावी, वजन मधोमध आल्यामुळे गाडी वळणावर आपोआप उत्तम चालते, ब्रेक आणि रेडिएटर ही किरकोळ कामे उरतात, आणि काही महिन्यांत मिड-इंजिन, म्हणजे आसने आणि मागची चाके यांच्यामध्ये इंजिन असलेली, स्पोर्ट्‌सकार उभी राहते. या दाव्याचा एक भाग खरा आहे, म्हणूनच तो इतका टिकला. खोटा भाग मात्र गाडी पहिल्यांदा वेगात वळेपर्यंत लक्षात येत नाही.

खरा भाग आधी मान्य करू. १९७२च्या फियाट एक्स १/९ मध्ये फियाट १२८ या फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीचे आडवे इंजिन आणि गिअरबॉक्सच आसनांमागे बसवले होते, आणि १९८४च्या टोयोटा एमआर-२ मागेही हाच विचार होता. इंजिन-गिअरबॉक्सचा असा आडवा जोड न फिरवता सरळ मागे नेला, तर चाके योग्य दिशेनेच फिरतात. ‘चार रिव्हर्स आणि एकच पुढचा गिअर मिळेल’ ही भीती आडव्या इंजिनाला लागू नाही. ती फोक्सवॅगन बीटलच्या गिअरबॉक्सवरून आलेली आहे. तिथे मागच्या टोकाला असलेले इंजिन गिअरबॉक्सच्या पुढे आणण्यासाठी सगळा जोड अर्धा फेरा फिरवावा लागतो, चाके उलटी फिरू लागतात, आणि क्राउन व्हील (चाकांकडे जोर नेणारे मोठे दातेरी चाक) पिनियनच्या (त्याला फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकाच्या) दुसऱ्या बाजूला बसवावे लागते. १९६६च्या लोटस युरोपात रेनॉ १६ चा जोड उलटा बसवताना असाच बदल करावा लागला होता.

अडचण सुरू होते ती ‘पुढचे सस्पेन्शन जसेच्या तसे’ या शब्दांपाशी. ते सस्पेन्शन वळणाऱ्या चाकांसाठी घडवलेले असते. मूळ गाडीत चाक वळवणाऱ्या टाय रॉडचे आतले टोक स्टिअरिंग रॅकवर (स्टिअरिंगबरोबर डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दांड्यावर) अशा उंचीला असते, की चाक वरखाली होताना टाय रॉडचा आणि चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या खालच्या आर्मचा कंस जवळजवळ जुळतो आणि चाकाची दिशा फारशी बदलत नाही. मागे नेल्यावर रॅक उरत नाही, म्हणून बांधणारा टाय रॉडचे टोक चेसिसवर जिथे जागा सापडेल तिथे बांधून मोकळा होतो. मग दोन कंस जुळत नाहीत, आणि प्रत्येक खड्ड्यागणिक मागची चाके स्वतःहून थोडी वळतात. वळणावर बाहेरचे चाक दबले आणि त्याच वेळी त्याचे तोंड बाहेरच्या बाजूला वळले, तर गाडीचा मागचा भाग बाहेर निघतो. पाँटिअॅक फिएरोमध्ये १९८४ ते १९८७ पर्यंत मागच्या बाजूला एका फ्रंट-व्हील-ड्राइव्ह गाडीचे पुढचे सस्पेन्शन टाय रॉड बांधून वापरले होते. एवढ्या मोठ्या कारखान्यालाही १९८८च्या मॉडेलसाठी ते नव्याने आखावे लागले.

हा दोष घरी मोजता येतो, आणि मोजल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये असे माझे मत आहे. मी बांधत असलेल्या गाडीची मागची स्प्रिंग काढून हबवर (चाक ज्यावर बसते त्या भागावर) ४०० मिलिमीटर लांबीची सपाट पट्टी बोल्टने आवळली, तिच्या दोन्ही टोकांना डायल गेज (मिलिमीटरचे अंश दाखवणारे मापक) टेकवले आणि जॅकने चाक दहा-दहा मिलिमीटर उचलत आकडे लिहीत गेलो. तिसाव्या मिलिमीटरला दोन गेजमध्ये चार मिलिमीटरचा फरक आला, म्हणजे चाक अर्ध्या अंशाहून अधिक वळले होते. टाय रॉडचे टोक धरणारे ब्रॅकेट नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने वेल्ड केले होते, आणि ते कापताना मला स्वतःशिवाय दुसऱ्या कोणाला दोष देता आला नाही. जागा थोडी थोडी वर सरकवत गेल्यावर तो फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत आला.

‘वजन मधोमध आले की गाडी आपोआप उत्तम वळते’ हे अर्धवट वाक्य आहे. काठीच्या दोन टोकांना बांधलेली वजने मध्याजवळ आणली, तर काठी झटकन फिरवता येते. मिड-इंजिन गाडी तशीच चटकन वळते, पण घसरायला लागली तर तितक्याच चटकन गोलही फिरते, आणि चालकाला सावरायला कमी वेळ मिळतो. शिवाय अशा गाडीचे वजन बहुधा निम्म्याहून जास्त मागच्या चाकांवर असते. वळणात अचानक अॅक्सिलरेटर सोडला की भार पुढे सरकतो आणि मागची चाके हलकी होतात. म्हणून कारखाने मागच्या टायरला जास्त रुंदी देतात : १९९६च्या लोटस एलिसवर पुढे १८५ आणि मागे २०५ मिलिमीटरचे टायर होते. १९८९मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या एमआर-२ ची मागून अचानक सुटण्याची सवय इतकी बदनाम झाली, की टोयोटाने काही वर्षांतच तिचे सस्पेन्शन आणि टायर बदलले. दात्या गाडीचे, म्हणजे जिचे भाग काढून घेतले तिचे, चार सारखे टायर लावून ‘आपोआप’ काही मिळत नाही.

ब्रेकला किरकोळ काम म्हणणे हा या दाव्यातला सर्वात धोकादायक भाग आहे. आठशे किलोची गाडी धरू. स्थिर असताना पुढे ३३६ आणि मागे ४६४ किलो भार, गुरुत्वमध्य ४५ सेंटिमीटर उंच, आणि पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २.३ मीटर. ०.९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊ-दशांश) इतका ब्रेक लावला तर सुमारे १४० किलो भार पुढे सरकतो, म्हणजे पुढे ४७६ आणि मागे ३२४ किलो होतो. इंजिन मागे असूनही ब्रेकचे जास्त काम पुढेच आहे. आता दात्या गाडीचे पुढचे हब कॅलिपरसकट (ब्रेकची डिस्क आवळणाऱ्या भागासकट) मागे आलेले आहेत, आणि त्या कॅलिपरचे पिस्टन मोठे आहेत. पुढे दुसऱ्या कुठल्या गाडीचे लहान कॅलिपर बसवले, तर मागची चाके आधी लॉक होतील आणि गाडी सरळ रस्त्यावर गोल फिरेल. पिस्टनचा आणि डिस्कचा व्यास धरून हिशेब करावा लागतो, पेडलने ब्रेकच्या तेलाला दाब देणाऱ्या दोन मास्टर सिलिंडरांमध्ये जोर वाटून देणारा बॅलन्स बार बसवावा लागतो, आणि शेवटी मोकळ्या जागेत हळूहळू वेग वाढवत खात्री करावी लागते. पुढच्या चाकांच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची सोय बहुधा नसतेच, ही आणखी एक गोष्ट दाव्यात कुठेच येत नाही.

रेडिएटरबद्दल थोडक्यात. तो पुढे ठेवला तर पाण्याचे दोन पाइप गाडीभर जातात, आणि वाटेत जिथे उंचवटा असेल तिथे हवा अडकते. म्हणून सर्वात उंच जागी हवा सोडण्याचा स्क्रू हवा. इंजिनाच्या खोलीत समोरून वारा येत नसल्याने गरम हवा बाहेर जाण्याची वाटही मुद्दाम आखावी लागते.

चेसिसबद्दलचा गैरसमज मात्र खोल रुजलेला आहे : पाइप जाड घेतले की सांगाडा भक्कम होतो. पिळाला विरोध करतात ते मुख्यतः त्रिकोण आणि बंद पेटीसारखी रचना. झाकण काढलेला बुटांचा खोका पिळून पाहिला की हे हाताला कळते, आणि उघडी मोटार म्हणजे असाच खोका असतो. शिवाय इंजिन वर उचलून काढता यावे म्हणून त्याच्या वरची तिरकी नळी बोल्टची ठेवावी लागते. कंटाळून ती गाळली, की सर्वाधिक भार असलेल्या जागीच त्रिकोण तुटतो. पिळाला होणारा हा विरोधही मोजता येतो : मागचे स्प्रिंगचे आधार जखडून, पुढच्या आधारांवर मध्ये टेकू दिलेली आडवी तुळई बांधून, मध्यापासून दोन मीटरवर ५० किलो टांगले, तर सुमारे ९८० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. मध्यापासून ६० सेंटिमीटरवरच्या गेजने अडीच मिलिमीटर दाखवले, तर कडकपणा एका अंशाला साधारण चार हजार न्यूटन-मीटर आहे. नळी लावून आणि काढून हा आकडा दोनदा घ्यावा, म्हणजे ती नळी का हवी यावर वाद उरत नाही.

राहिला प्रश्न काही महिन्यांचा. जॉन कूपर आणि त्याचे वडील चार्ल्स यांनी १९४६मध्ये दोन फियाट टोपोलिनोंचे पुढचे भाग एकमेकांना जोडून, मागे मोटारसायकलचे इंजिन बसवून रेसिंग गाडी केली, हे उदाहरण या दाव्यासोबत हमखास दिले जाते. ती गाडी खरोखर लवकर झाली होती. पण ती अतिशय हलकी होती, ५०० सीसीची होती, आणि तिला दारे, दिवे, हीटर किंवा सामानाची जागा यांपैकी काहीच नको होते. रस्त्यावरच्या गाडीची चेसिस आधी नुसती वेल्डिंगच्या तात्पुरत्या टाक्यांवर उभी करावी लागते, इंजिन, पेडल, आसने आणि पाइप बसवून पाहावे लागतात, मग सगळे उतरवून पूर्ण वेल्डिंग, पुन्हा जोडणी, आणि रंगासाठी पुन्हा एकदा सगळे सुटे करणे. माझा सांगाडा सहा आठवड्यांत उभा राहिला होता. त्यानंतर तो तीन वेळा पूर्ण रिकामा झाला, आणि तिसऱ्या वेळी कारण एवढेच होते, की गिअरची केबल एक्झॉस्टपासून चार बोटे लांब न्यायची होती.