आमची वस्ती नकाशात कुठे गेली?

सोलापूर महापालिकेच्या प्रभाग रचनेचा प्रारूप नकाशा आला तेव्हा मी तो मोबाईलवर मोठा करकरून बघितला. आमच्या वस्तीच्या मधून नाला जातो. नाल्याच्या अलीकडची घरं एका प्रभागात, पलीकडची दुसऱ्यात. मशीद इकडे, तिच्या मागची विडी वळणाऱ्या बायकांची गल्ली तिकडे. रेशन दुकान एक, शाळा एक, कब्रस्तान एक आणि नगरसेवक वेगवेगळे.

हरकत घेतली. स्केचपेनने रंगवलेला नकाशा आणि सव्वाशे सह्या घेऊन सुनावणीला गेलो. नंबर पुकारला, मी नकाशा उलगडतोय तोवर पुढचा नंबर पुकारला गेला. अंतिम रचनेत सीमा नाल्यावरच. नाला नैसर्गिक हद्द, म्हणून नियमात बसतं म्हणे. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्या शक्यतो फोडू नयेत, हेही नियमात आहे आणि ते योग्यच आहे. पण आमच्यासारख्या वस्त्यांना तेवढाही आधार नाही.

आणि नुसती हद्द बदलून भागणार नाही. २००७ ला एका वॉर्डाला एक नगरसेवक होता, २०१२ ला दोन झाले, २०१७ ला चार. सोलापुरात जागा १०२, प्रभाग २६. २०११ च्या जनगणनेत शहर साडेनऊ लाखांचं, म्हणजे एका नगरसेवकामागे सव्वानऊ हजार माणसं आणि चारच्या प्रभागात सदतीस हजार. सव्वानऊ हजारांत पाच हजार आम्ही असलो तर उमेदवाराला आमच्या दारात यावंच लागतं. सदतीस हजारांत तेच पाच हजार कोण विचारतो? अ, ब, क, ड या प्रत्येक जागेला अख्खा प्रभाग मत देतो, त्यामुळे ज्यांची संख्या मोठी ते चारही जागा नेऊ शकतात.

हे कुणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. मुद्दाम केलं हे सिद्ध तरी कसं करणार? म्हणूनच अमेरिकेतला १९८६ चा थॉर्नबर्ग विरुद्ध जिंगल्स हा खटला मला महत्त्वाचा वाटतो. नॉर्थ कॅरोलायनातल्या बहुसदस्यीय मतदारसंघांवरूनच, तिथल्या मतदान हक्क कायद्याखाली तो झाला. काळे मतदार एका भागात पुरेशा संख्येने राहतात, एकाच उमेदवारामागे उभे राहतात आणि गोऱ्यांची एकगठ्ठा मतं त्याला बहुतेक वेळा पाडतात, हे आधी दाखवायचं. त्या निकालानुसार हेतू सिद्ध करायची गरज नव्हती, परिणाम बघायचा होता. तिथेही २०१३ च्या निकालाने त्याच कायद्यातली, काही राज्यांनी निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यायची अट निकामी केली, हे खरं. पण कोर्टात विचारायला प्रश्न तरी होता.

आपल्याकडे राज्यघटनेचं कलम २४३ झेडजी आडवं येतं. प्रभागांच्या सीमांकनाच्या कायद्याला कोर्टात आव्हानच देता येत नाही. विधानसभेच्या मतदारसंघांबाबत १९६६ च्या मेघराज कोठारी निकालापासून कोर्टाचं दार बंदच मानलं जायचं. २०२४ मध्ये किशोरचंद्र राठोड प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ते किलकिलं केलं: आदेश उघडउघड मनमानी आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर कोर्ट तपासू शकतं. वस्ती फुटली, मत विरलं, याचा हिशेब त्या फटीतून मांडता येईल का, हे वकील मित्रांनी मनावर घ्यावं.

मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. जवळपास चार वर्षं वाट बघितलेली अम्मी सकाळीच रांगेत उभी होती. पांढरी, गुलाबी, पिवळी, निळी, चारही मतपत्रिकांवर बटण दाबून आली आणि घरी येऊन विचारलं, "अपने मोहल्ले का कौन था रे उसमें?"

कुणीच नव्हतं.

आमची हरकत कोणत्या कारणाने फेटाळली ते लेखी मिळावं म्हणून माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. शहरात आणखी कुणी हरकत घेतली असेल तर पोच आणि नकाशा इनबॉक्समध्ये पाठवा. सगळ्या एकत्र लावून बघू.