पंगत, पाहुणा आणि प्रभूचे मेज

आदरणीय ताई,

जय ख्रिस्त. वचनाची शिकवण, सहवास, भाकर मोडणे आणि प्रार्थना या मंडळीच्या चार मूळ आचारांवरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपण मैत्रिणीसोबत नागपुरातल्या एका चर्चमध्ये उपासनेला गेलात, अर्पणाची थैली आपल्यापुढे आली, पण प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्यासाठी, सगळे उठले तेव्हा आपल्याला बाकावर बसून राहावे लागले. ज्या पंगतीत पाहुण्याला पान वाढत नाहीत तिला सहवास कसे म्हणायचे, असे आपण विचारले आहे. त्यापेक्षा घरी बसून केलेली प्रार्थना बरी, असेही आपण लिहिले आहे.

थैलीबद्दल आधी. आपल्याला ओशाळल्यासारखे झाले, ही चूक आमची आहे. पाहुण्याने अर्पण द्यावे अशी अपेक्षा नसते, आणि तेवढे सांगायला एक वाक्य पुरले असते. दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रोमी सम्राटाला लिहिलेल्या निवेदनात रविवारच्या उपासनेचे वर्णन आहे. शास्त्रवाचन, बोध, प्रार्थना, भाकर व द्राक्षारस, गैरहजर असलेल्यांना घरपोच त्यातला वाटा, आणि ज्यांची ऐपत व इच्छा असेल त्यांनी दिलेले दान, जे अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान आणि परगावचे पाहुणे यांच्यासाठी ठेवले जाई. पाहुण्याचे नाव दान घेणाऱ्यांच्या यादीत आहे, हे आमच्या लक्षात राहायला हवे होते.

ते भोजन बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने होणारी ख्रिस्ती दीक्षा, झालेल्यांसाठीच आहे, हेही मात्र त्याच निवेदनात स्पष्ट लिहिले आहे, आणि या नियमाबद्दल मी सारवासारव करणार नाही. प्रभुभोजन घेणे म्हणजे येशूने धरून दिल्या जाण्याच्या रात्री शिष्यांशी केलेल्या करारात मीही आहे, असे सर्वांसमक्ष म्हणणे. आणि जे म्हणायचे आपण ठरवलेले नाही ते केवळ भिडेपोटी आपल्याकडून वदवून घेणे, हा आम्हाला आपला अनादर वाटतो.

तरीही ‘पंगत’ हा आपला शब्द मला लागला, कारण पंक्तिभेदाचा दोष या मेजाला अगदी आरंभापासून चिकटला आहे. करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीत सुखवस्तू लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून प्रेषित पौलाने त्यांना खडसावले. आपल्या देशात दक्षिणेकडील काही मंडळ्यांत जातीप्रमाणे बसण्याची रीत होती, ती बंद करावी म्हणून कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांना १८३३ मध्ये पत्र काढावे लागले. आणि दूर कशाला जायचे? आमच्या मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असते आणि आदल्या संध्याकाळी काळे मनुके उकळून, मलमलच्या फडक्यातून गाळून द्राक्षारस करण्याचे काम माझ्याकडे आहे. तो रस ज्या प्याल्यातून दिला जातो, त्याच प्याल्याला धुणीभांडी करणाऱ्या एक मावशी ओठ लावतात. त्या ज्या घरी काम करतात तिथे त्यांचा चहाचा कप वेगळा, गॅलरीत खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला असतो. अनेक वर्षे या मावशी वेदीच्या कठड्याशी सर्वांत शेवटी येत. त्यांना कोणी थांबवत नव्हते, आणि या, असेही कोणी म्हणत नव्हते. रस मी करत होते आणि हे मला दिसले नव्हते. आता त्या माझ्या बाकावर बसतात आणि आम्ही बरोबर उठतो. हे मी फार उशिरा केले.

नागपूरकर म्हणून एक गोष्ट मला आवर्जून सांगाविशी वाटते. आपल्याला बाकावर बसून जे जाणवले, ते पूर्वी ख्रिस्ती माणसाच्याही वाट्याला येई, कारण काही परंपरांच्या मेजावर दुसऱ्या परंपरेतल्या सभासदाला सहज जागा नसे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या सदर भागातल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात सहा चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, पण त्यासाठीची बोलणी १९२९ पासून चालली होती. बाळाला बाप्तिस्मा द्यावा की समजत्या वयात, हा त्यातला अवघड प्रश्न होता, आणि शेवटी दोन्ही रीती मान्य करून मेज एकच ठेवले गेले.

घरची प्रार्थना हवीच, येशूने दार लावून प्रार्थना करायला सांगितलेच आहे. पण घरी आपल्या शेजारी कोणी बसावे हे आपणच ठरवतो. कठड्याशी ते आपल्या हाती नसते, आणि मावशींचा विचार करते तेव्हा मला त्याची गरज पटते.

पुन्हा उपासनेला यावेसे वाटले तर आमच्या मंडळीत या आणि आमच्या बाकावर बसा. थैली आली की नुसती पुढे द्या. प्रभुभोजनाच्या वेळी मावशी आणि मी उठू, तेव्हा इच्छा असेल तर आपणही कठड्यापर्यंत चला आणि नुसते हात जोडा; पाळक (मंडळीचे धर्मगुरू) आपल्यासाठी प्रार्थना करतील. बसून राहावेसे वाटले तर बसा. परत आल्यावर मी आपल्याच शेजारी बसेन.