गोड वासाचा आरोपी

मे महिन्यात आमच्या गाडीत गोडसर वास यायला लागला. बायकोच्या पायाखालचं मॅट चिकट झालं होतं. संशयित एकच, भाचा. कोकम सरबत त्यानेच सांडलं, असा निकाल मी देऊन टाकला. "मामा, मला कोकम आवडतच नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, म्हणूनच सांडलंस.

त्याच सुमारास कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, बाटलीतली पातळी दर आठवड्याला खाली उतरायला लागली. मी भरायचो, गाडीखाली वाकून बघायचो. थेंब नाही. पहिला मेकॅनिक म्हणाला, "साहेब, गाडी पाणी पितेय. हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधलं सील, गेलंय. इंजिन खोलावं लागेल." दुसऱ्याने ऑइलचं झाकण उघडलं, आत पाणी मिसळल्याची मलई नाही, सायलेन्सरला पाणी जळल्याचा पांढरा धूर नाही. "गॅसकेट ठणठणीत आहे. रेडिएटरचं झाकण बदला." मी झाकण बदललं. स्वस्त निदानावर माझा चटकन विश्वास बसतो.

मग साताऱ्याला निघालो. खंबाटकी घाटाच्या अर्ध्या चढावर इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला. एसी बंद केला, ऐकेना. मागून बाबा म्हणाले, "हीटर लाव." शास्त्र बरोबर होतं. हीटरची जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच, इंजिनाची उष्णता तिथून आत येते. दुपारी दोनला फुल्ल हीटर! काटा जरा उतरला, आम्ही शिजलो. काचेवर चिकट वाफ धरली, आणि तोच गोड वास भपकन आला.

"मामा, मी काही सांडलं नाही हं," मागून आवाज.

गाडी बाजूला घेतली, इंजिन निवल्यावर पाणी भरलं आणि रडतखडत साताऱ्यातलं गॅरेज गाठलं. तिथल्या मिस्त्रीने रेडिएटरला हातपंप लावून १ बार दाब दिला आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत पंपाचा काटा पडला, म्हणजे गळती नक्की. गाडीखाली कोरडं. मिस्त्रीने सरळ बायकोच्या बाजूचं मॅट उचललं. खाली हिरवं तळं! हीटरची जाळी फुटली होती.

बाबांनी तळ्यात बोट बुडवलं. "गोड आहे का बघतो."

"काका, विष आहे ते!" मिस्त्री ओरडला. कूलंटमधलं ग्लायकॉल चवीला गोडच असतं म्हणे, पण जीव घेतं. बाबांनी बोट माझ्या रुमालाला पुसलं.

जाळी वहीएवढी, पण ती काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवला. दोन दिवस गेले. भाच्याने माफीऐवजी मस्तानी मागितली आणि गाडीतच बसून प्यायली. मॅटवर आता पिवळा डाग आहे. तो मात्र नक्की त्याचाच.