‘गावठी’ कोयता आणि एक निनावी प्रतिक्रिया

ट्रेकला मी लोहाराने घडवलेला कोयता नेतो, या मागच्या लेखावर काल रात्री एक प्रतिक्रिया आली. खाली नाव नाही. ती अशी: “छान भावनिक लेखन. पण गावठी लोहाराच्या हत्यारावर जंगलात भिस्त ठेवणं हा शुद्ध भाबडेपणा आहे. ना पोलादाचा दर्जा माहीत, ना कडकपणाची चाचणी. एक नग चांगला निघाला म्हणून दुसरा निघेलच असं नाही. लोखंड आणि पोलाद यातला फरकही लेखकाला ठाऊक नसावा. चुकीचे सल्ले देऊ नका, लोकांनी कंपनीचा चाकू घ्यावा.”

आधी आपलं जे बरोबर आहे ते मान्य करतो. लेखात दोन ठिकाणी मी ‘लोखंडी पातं’ लिहिलं होतं, तिथे ‘पोलादी’ हवं होतं. दुरुस्त केलं आहे. आभार.

आता ‘गावठी’. हा शब्द आपण कोणत्या अर्थाने वापरलात ते मला कळतं. गावठी म्हणजे अडाणी, अंदाजपंचे काम करणारा. ज्याने माझा कोयता घडवला त्याच्या घरातली ही भात्यापाशी बसणारी तिसरी पिढी. त्याच्या ऐरणीशेजारी मी दिवसच्या दिवस बसलो आहे. आपण बसलेले दिसत नाही, म्हणून सांगतो.

कोयत्यासाठीची पट्टी ट्रकच्या कमानपाट्याची, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगची असते. हे पोलाद ओझ्याखाली वाकून पुन्हा मूळ आकारात येण्यासाठीच बनवलेलं असतं. त्यात अर्धा टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो, म्हणून ते पाणी धरतं, म्हणजे तापवून विझवलं की कडक होतं. तरीही तो नव्या पट्टीचा एक तुकडा आधी तापवून, विझवून, ऐरणीच्या कडेवर तोडतो आणि आतला दाणा बघतो. दाणा बारीक असेल तरच पुढचं काम. भट्टी अंधाऱ्या पडवीत आहे, कारण उन्हात तापलेल्या पोलादाचा रंग फसवतो. शेजारी तारेला बांधलेलं जुन्या स्पीकरचं लोहचुंबक लटकत असतं. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पातं चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याच्या थोडं वर गेलं की ते बाहेर येतं.

मग धारेकडची दोन बोटं रुंदी तेवढी बुडवायची. आपल्याकडे याला पाणी पाजणं म्हणतात, पण कमानीचं पोलाद पाण्यात तडकू शकतं म्हणून तो जुनं इंजिन ऑइल वापरतो. पाठ अजून तापलेली असतानाच पातं काढून विटेच्या तुकड्याने धार चकचकीत घासतो. पाठीतली धग धारेकडे सरकत येते आणि तिच्याबरोबर रंग येतात. आधी फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. पिवळा साधारण २२० ते २३० अंशांना, निळा ३०० च्या आसपास. धारेवरचा पिवळा तपकिरीकडे झुकला की पातं परत तेलात. धार कडक राहते, पाठ चिवट. आणि चाचणी म्हणत होतात ना? धारेवर कानस फिरवतो, ती जेमतेम चावली पाहिजे. नंतर वाळक्या बांबूच्या गाठीवर दहा घाव. धार वळली तर पाणी कमी, दातरा पडला तर जास्त. दोन्ही वेळा पातं पुन्हा भट्टीत. यात अंदाजपंचे काय आहे ते मला दाखवा.

मी श्रीवर्धन तालुक्यातला. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्याच रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. दुपारी वारा थांबला तेव्हा आमच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त सुपाऱ्या आडव्या होत्या, वर दोन फणस पडले होते. आजोबांनी लावलेली झाडं. वीज नाही, फोन नाही, रस्ते बंद. यांत्रिक करवती गावात मोजक्या आणि त्यांना घालायला पेट्रोल मिळेना. वडील, मी आणि चुलतभाऊ, तिघांनी तीन कोयत्यांनी सव्वा महिना ती वाडी मोकळी केली. तिन्ही कोयते त्याच भट्टीतले. सुपारीचं खोड बाहेरून किती कठीण असतं हे ज्याने तोडलं त्यालाच कळेल. दोनदा मूठ सैल झाली, ती आम्ही घरीच ठोकून बसवली. एकदा माझ्या कोयत्याचा घाव चुकून दगडावर बसला, धारेला दातरा पडला. लोहाराने तो शेवटून, म्हणजे तापवून धार पुन्हा काढून दिला आणि दुसऱ्या दिवशी कोयता कामाला लागला. तोच कोयता आज माझ्या कमरेच्या आकडीत असतो. त्याला तुम्ही न बघता भाबडेपणा म्हणता, आणि तेही नाव न लिहिता. मला हे असभ्य वाटतं.

कंपनीचा चाकूही मी वापरला आहे. महाग होता. करवंदीच्या जाळीत वाट काढताना दुसऱ्याच मोसमात त्याचं टोक तुटलं. तक्रार केली तर उत्तर आलं की असा वापर वॉरंटीत बसत नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही.

एक नग चांगला, दुसरा वाईट, या मुद्द्यावर मला फार बोलायचं नाही. वाईट निघाला तर कोणाच्या दारात जायचं ते मला माहीत आहे, एवढं मला पुरतं. आणि सल्ला मी कोणालाच दिलेला नाही. लेखात ‘मी नेतो’ असं आहे, ‘तुम्ही न्या’ असं कुठेही नाही. वाचल्याशिवाय लिहू नये, ही माझी तुम्हाला विनंती समजा.

कोयता सध्या पावसाळ्याआधी शेवटायला दिला आहे, गुरुवारी मिळेल. त्यानंतर कधीही या. कडकपणा तपासायचा असेल तर कानस तुमची आणा, बांबू आमच्या वाडीतला आहे.